हात बसला, पुढे काय?

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. नाशिकमध्ये चित्रकलेच्या शिक्षणाचा विषय निघाला, की फाळक्यांचे नाव हटकून येते. त्र्यंबकेश्वरचा हा माणूस कुठल्या विद्यापीठात सिनेमा शिकला होता, असे विचारले जाते आणि त्याच दमात निकालही लागतो. कला उपजत असावी लागते, हात बसायला चार-पाच वर्षे पुरतात, त्यावर एम.एफ.ए. या पदव्युत्तर पदवीची आणखी दोन वर्षे म्हणजे आईबापांच्या पैशाची नासाडी.

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून तो आधी पूर्ण मांडतो. त्याचे तीन आधार आहेत. पहिला इतिहासाचा. हुसेन सिनेमाची पोस्टर रंगवत होते, के. एच. आरा मोटारी धूत होते, सुधीर पटवर्धन तर पेशाने रेडिऑलॉजिस्ट होते. यांपैकी कोणाचेही मोठेपण पदव्युत्तर पदवीवर उभे नाही. दुसरा आधार कौशल्याचा. नाशिकला जलरंगाची सशक्त परंपरा आहे. शिवाजी तुपे यांनी हे गाव आणि इथला गोदाकाठ ज्या ताकदीने कागदावर उतरवला, ती ताकद रोज वही घेऊन बाहेर पडण्यातून येते, प्रबंध लिहिण्यातून नव्हे. तिसरा आधार आपलेपणाचा. मांडणशिल्प, व्हिडिओ ही परक्या मुलखातली भाषा. इथल्या माणसाला ती कळत नाही, मग ती शिकायची कशाला?

पहिल्या आधारापासून सुरुवात करू, कारण तिथे इतिहास अर्धाच सांगितला जातो. फाळके 1885 मध्ये मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. एवढ्यावर न थांबता पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. तिथे चित्रकला होती, मॉडेलिंग होते, वास्तुकला होती, छायाचित्रणही होते. नंतर ब्लॉक तयार करण्याचे आणि तीनरंगी छपाईचे तंत्र त्यांनी आत्मसात केले, त्यासाठी जर्मनी गाठली, आणि 1912 मध्ये सिनेमासाठी लंडन. जे.जे.त पाऊल ठेवल्यापासून 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर येईपर्यंत 28 वर्षे गेली. सिनेमाची शाळा तेव्हा नव्हती हे खरे. पण वेगवेगळी माध्यमे एकाच डोक्यात एकत्र आणणारे शिक्षण फाळक्यांनी घेतले होते. आजच्या चांगल्या पदव्युत्तर वर्गाचे काम नेमके हेच आहे. ज्यांना आपण स्वयंभू म्हणतो, ते आपल्या जिल्ह्यातले सर्वांत चिकाटीचे विद्यार्थी होते.

आरा आणि हुसेन यांचेही तसेच. 1947 मध्ये त्यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, त्याच्या भोवती व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक एमॅन्युएल श्लेसिंगर होते. लँगहॅमर यांच्याकडे तरुण चित्रकार जमत, युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती पाहत, एकमेकांची कामे सोलून काढत. पटवर्धन 1981 च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, नलिनी मलानी यांच्यासोबत होते आणि त्या प्रदर्शनाची वैचारिक बाजू गीता कपूर यांनी मांडली होती. आरा, हुसेन, पटवर्धन यांच्याकडे चित्रकलेची पदवी नसेल, शाळा मात्र होती. त्याच प्रोग्रेसिव्हांपैकी सय्यद हैदर रझा नागपुरात आणि जे.जे.त शिकूनही 1950 मध्ये पुन्हा विद्यार्थी म्हणून पॅरिसला गेले. मुंबईतल्या त्या काळच्या चित्रकाराला अशी संगत शहरातच मिळाली. सिन्नर किंवा सुरगाण्याच्या मुलीला ती घरबसल्या कोण देणार? तिच्यासाठी संस्था हाच तो अड्डा आहे.

दुसरा आधार मला मान्य आहे, फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. हात बसलाच पाहिजे. पण हात बसल्यावर तो कशासाठी चालवायचा, हा प्रश्न रोजच्या स्केचिंगने सुटत नाही. घाटाचे शंभरावे लँडस्केप पहिल्यापेक्षा सफाईदार होते. ते काढायचेच का, हे विचारायला समोर कोणीतरी जाणता माणूस लागतो. पदवीच्या वर्षांत मास्तर विषय देतात, पदव्युत्तर वर्षांत तो स्वतः शोधावा लागतो आणि त्याचे उत्तरही स्वतःच द्यावे लागते.

तिसऱ्या आधाराला उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातून मिळते. प्रभाकर पाचपुते सास्ती या कोळसाखाणीच्या गावचे. खैरागढला ते शिल्पकला शिकले, नंतर बडोद्याला पदव्युत्तर शिक्षण घेतले. पुढे त्यांनी खाणकामगारांचे जग काळ्या चारकोलने भिंतीभर रेखाटले. वेल्समधला ‘आर्टेस मुंडी’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार 2021 मध्ये सहा कलावंतांना मिळून दिला गेला, त्यात ते होते. परक्या मानल्या जाणाऱ्या शिक्षणाने त्यांना गावापासून तोडले नाही. गावाकडे पाहण्याची नजर धारदार केली. नाशिककडे असे विषय थोडे आहेत का? लासलगावचा कांद्याचा लिलाव आहे, सिमेंटखाली गेलेला गोदेचा काठ आहे, 6 मार्च 2018 ला इथून निघून सुमारे 180 किलोमीटर चालत मुंबईला पोचलेले हजारो शेतकरी-आदिवासींचे पाय आहेत. हे सगळे एका जलरंगात मावणारे नाही. त्याला कधी आवाज लागेल, कधी माती लागेल, कधी नुसती कागदपत्रे.

एक गोष्ट मात्र पूर्वपक्षाच्या पदरात टाकायला हवी. जिथे शिक्षक स्वतः काम करत नाहीत, ग्रंथालय बंद असते आणि प्रबंध एकमेकांचे पाहून उतरवले जातात, तिथली दोन वर्षे खरोखरच वाया जातात. पण विहिरीचे पाणी गढूळ आहे म्हणून तहानच खोटी ठरत नाही. जे.जे.ला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला; त्या दर्जाला साजेसे वर्ग उभे करा, ही मागणी रास्त आहे. ते वर्गच नकोत, ही मागणी रास्त नाही.

नाशिकच्या पालकांना आणि कलाशिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे. मूल पुढे शिकायचे म्हणाले तर फाळक्यांचे नाव घेऊन त्याला अडवू नका. फाळक्यांचे नाव घेऊनच त्याला पाठवा.