नागाची फणी आणि ड्यूकचे नाक

खोपोलीहून घाटाकडे मान वर केली की माथ्याच्या कडेला एक सुळका आभाळात घुसलेला दिसतो. आम्ही खालचे लोक त्याला नागफणी म्हणतो. इंग्रजांनी त्याच सुळक्याला 'ड्यूक्स नोज' म्हटले. हा ड्यूक म्हणजे वेलिंग्टन. १८०३ साली असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा. त्याचे नाक भलतेच बाकदार होते म्हणे! आम्हांला खालून मात्र फणाच दिसतो. ज्याच्या मनात नाग त्याला नाग, ज्याच्या मनात ड्यूक त्याला ड्यूक.

एकदा वर्गात एका मुलाने विचारले, "गुरुजी, ह्यातले खरे नाव कोणते?" पोराने मोठाच पेच घातला. वेळ मारून नेण्यासाठी मी म्हटले, "उद्या सांगतो." तो उद्या काही लवकर उजाडला नाही. पण त्या निमित्ताने आमच्या कर्जत-खालापुरातल्या नावांचा मला नादच लागला.

माथेरानचीच गोष्ट घ्या. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौक गावी मुक्कामाला होता. तिथून तो डोंगर चढला आणि त्याने माथेरान 'शोधले', असे आपण पुस्तकात वाचतो. साहेब चढला तो गावकऱ्यांच्या वाटेने आणि उतरला रामबागेच्या वाटेने. म्हणजे शोध लागण्यापूर्वी वाटा तयारच होत्या! पुढे बंगले उठले आणि डोंगराच्या सोंडासोंडांना साहेबी नावे मिळाली. कुठे लुईझा, कुठे अलेक्झांडर. एका टेकडीवर एकच झाड दिसले, ती झाली 'वन ट्री हिल'. एका टोकाला 'पॉर्क्युपाइन', म्हणजे साळिंदर म्हटले. पण तिथे जाणाऱ्याला साळिंदराशी काय कर्तव्य? तो जातो मावळता सूर्य पाहायला. म्हणून घोडेवाला आणि पाहुणा मिळून त्याला 'सनसेट पॉइंट' म्हणू लागले, आणि साळिंदर बिचारे नकाशाच्या बिळात जाऊन बसले.

त्याच डोंगरावर नेरळहून छोटी गाडी चढते. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली ही लाइन १९०७ साली सुरू झाली. तिच्या वाटेवर एका स्टेशनचे नाव आहे 'वॉटर पाइप'. देवाचे नाही, गावाचे नाही, चक्क पाण्याच्या नळाचे! लहानपणी मला ह्याचे फार हसू येई. (वाटेतल्या एकुलत्या एका बोगद्यालाही गोऱ्या प्रवाशांनी एक नाव देऊन ठेवले आहे. बोगदा इतका आखूड, की अंधारात एकाच चुंबनापुरती सवड मिळते. शाळामास्तराने ह्याहून अधिक सांगू नये.)

पुढे वाचनात आले की नळाचे नाव मिरवणारे हे एकटेच ठिकाण नव्हे. दूर पॅसिफिक महासागरात, हवाईच्या ओआहू बेटावर, फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा खेळ चालतो, आणि तिथे लाटा फुटण्याच्या जागांनाही नावे असतात. त्यांतल्या एका जगप्रसिद्ध जागेचे नाव 'पाइपलाइन'. लाट नळासारखी पोकळ वळते, म्हणून ते नाव पडले असे कोणालाही वाटेल. पण १९६१ साली तिथे खेळाडूचे चित्रण चालले असता जवळच्या रस्त्यावर नळ टाकण्याचे काम सुरू होते. ते पाहून बरोबरच्या एकाने हे नाव सुचवले. आमचे स्टेशन आणि ती लाट, दोघांचेही बारसे नळावरच झाले! आमच्या दोन्ही तालुक्यांना समुद्राचा थेंब लागत नाही, तरी हे नाते कळल्यापासून वॉटर पाइपला मी हसत नाही.

बोरघाटातला अमृतांजन पूल ह्याच जातीचा. पूल १८३० सालचा, कंपनी सरकारच्या अमदानीतला. अमृतांजनाचा मलम निघाला १८९३ साली. म्हणजे पुलाला हे नाव मिळाले ते त्याची साठी उलटून गेल्यावर, आणि तेही मलमाच्या जाहिरातीमुळे. घाटात तासन्‌तास गाड्या तुंबल्या म्हणजे ह्या नावाचे औचित्य ड्रायव्हर लोकांना निराळे समजावून सांगावे लागत नसे. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस पडलेला असताना, तो पूल पाडला. पूल गेला, तरी जागेला लोक अमृतांजनच म्हणतात. नाव दगडाला चिकटलेले नव्हते. ते जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या तोंडात होते.

ह्याच घाटातून १८६३ साली रेल्वे वर चढली. हजारो मजुरांनी कातळ फोडले, कित्येक तिथेच पटकीने गेले. त्यांच्यातल्या एकाचेही नाव घाटातल्या कुठल्या ठिकाणाला मिळाले नाही. मात्र पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ ही नावे रेल्वेला रानातूनच उचलावी लागली. मंकी हिल तेवढी साहेबाची.

आणि तोंडेच उठून गेली तर? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. वाडीला नाव गडाने दिलेले. गड जागेवर उभा आहे. पण वाडीच्या पाणवठ्याला, शेताच्या तुकड्याला, वाटेवरच्या धोंड्याला हाक मारणारी माणसे काही मातीत गेली, उरलेली डोंगर सोडून खाली आली. ती नावे कुठल्याही नकाशात नव्हती.

तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना एकच गृहपाठ देतो: आपल्या वाडीतल्या आजी-आजोबांना विचारून प्रत्येक डोहाचे, बांधाचे, खडकाचे नाव लिहून आणा. वह्या तेलकट डागांसकट परत येतात. पेच घालणाऱ्या त्या मुलाने पहिल्याच पानावर नागफणी लिहिले, पुढे ड्यूकचे नाकही लिहिले, आणि खाली आपल्या आजीकडून ऐकलेले तिसरेच एक नाव. मी लाल पेन्सिल उचलली होती; ती तशीच खिशात ठेवली.