ट्यूमर मार्कर : अनपेक्षित आढळ

कर्करोगाच्या पेशी, किंवा त्यांनी डिवचलेल्या शेजारच्या निरोगी पेशी, जी द्रव्ये रक्तात सोडतात ती ट्यूमर मार्कर. एका अवयवाच्या कर्करोगाशी जोडलेले द्रव्य दुसऱ्याच कर्करोगात वाढलेले आढळले की नातेवाईक चक्रावतात, कधी डॉक्टरही.

एएफपी हे प्रथिन १९६३ मध्ये गारी अबेलेव्ह यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात सापडले. गर्भाचे यकृत ते बनवते. जन्मानंतर ते बनणे जवळजवळ थांबते. यकृताच्या कर्करोगात ते पुन्हा वाढते, पण जठराच्या एका विरळ कर्करोगातही वाढते. त्यातल्या पेशी यकृताच्या पेशींसारख्या वागू लागतात. गर्भात जठर आणि यकृत एकाच नळीतून उगवतात, हे लक्षात घेतले तर यात फारसे नवल उरत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी जोडलेले, १९६५ मध्ये सापडलेले सीईए थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगात वाढते. धूम्रपान करणाऱ्यांत कर्करोग नसतानाही थोडे चढते. गर्भारपणातले संप्रेरक एचसीजी बनवणाऱ्या गाठीमुळे पुरुषाची गर्भधारणा चाचणीही होकारार्थी येऊ शकते.

आपल्याकडे सर्वाधिक घोटाळा सीए-१२५ चा. अंडाशयाच्या कर्करोगासाठी प्रसिद्ध असलेले हे द्रव्य पोटाचे आणि छातीचे अस्तरही बनवते. अस्तर सुजले की आकडा चढतो. मग कारण लिम्फोमा असो, यकृताचा सिरोसिस असो वा पोटाचा क्षय. नेहमीची मर्यादा ३५ युनिट, पण क्षयातही तो कित्येक शेकड्यांत जातो. पोटात पाणी, घटलेले वजन आणि असा रिपोर्ट असलेल्या बाईला अंडाशयाचा कर्करोग असेलच असे नाही. बायोप्सीत क्षय निघाला तर ती औषधांनी बरी होते.

निकाल ऊतीवर लागतो, आकड्यावर नाही. लक्षणे नसताना आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये मार्करच्या चाचण्यांची यादी घेणे म्हणूनच बहुधा पैसे देऊन काळजी विकत घेणे ठरते.

निदान पक्के झाल्यावर हाच भलता मार्कर कामाला येतो. जठराच्या गाठीने एएफपी वाढवले असेल, तर शस्त्रक्रियेनंतर ते उतरते आणि रोग उलटल्यास बहुधा पुन्हा चढते.