पहिल्या गिअरातला हिसका

मुंबईच्या रस्त्यांवर फियाट मोटारींचा अंमल होता त्या काळी, चौकातल्या पोलिसाने वाट मोकळी करताच चालकाने पहिला गिअर टाकून क्लच सोडावा आणि गाडी संथपणे पुढे न सरकता दोनतीन हिसके खाऊन, क्षणभर अडून मगच निघावी, हा अनुभव इतका सार्वत्रिक होता की मागच्या आसनावरील उतारूसुद्धा ‘कचरा आला असेल’ असे निदान करून मोकळा होत असे. ते निदान पुष्कळदा चुकीचे ठरे, आणि खरे कारण हुडकणारी जी विद्या गल्लीबोळांतल्या मेस्त्रींनी दोन पिढ्या जतन केली, तिची नोंद कोणत्याही दप्तरात झालेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून ‘फियाट 1100 डिलाइट’ बाहेर पडू लागली आणि 1974 मध्ये तिचेच नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. परवाने आणि नियंत्रणे यांच्या त्या जमान्यात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागे, त्यामुळे हाती असलेली गाडी वीस-पंचवीस वर्षे चालवणे क्रमप्राप्तच होते. शिवाय यंत्ररचनेत फारसा फरक न झाल्याने, 1965 साली मेस्त्रीने जे शिकून घेतले ते 1990 साली त्याच्या हाताखालच्या पोऱ्यालाही जसेच्या तसे उपयोगी पडे. ज्ञान साचत जाण्यास याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच लाभते.

या विद्येचे पहिले सूत्र असे की, दोष इंजिनात आहे की इंजिनाच्या मागे, याचा निवाडा झाल्यावाचून पान्याला हात लावायचा नाही. गाडी उभी ठेवून, गिअर न टाकता, एकदम रेस द्यायची. इंजिन अडखळले तर पेट्रोल किंवा ठिणगी यांवर संशय धरायचा. याचे कारण मोठे मनोज्ञ आहे. रेस दिल्याने कार्बोरेटरातली झडप अकस्मात उघडली की हलकी हवा तत्काळ आत धावते, परंतु जड पेट्रोल तितक्या त्वरेने उठत नाही आणि मिश्रण क्षणभर विरळ होते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्या काळच्या बहुतेक कार्बोरेटरांत एक लहानसा पंप बसवलेला असे. मेस्त्री इंजिन बंद करून एअर फिल्टर उतरवी, कार्बोरेटरच्या गळ्यात डोकावून बोटाने रेसची दांडी ओढी, आणि सुईसारखी बारीक धार दिसली की पुढे डिस्ट्रिब्युटरकडे वळे. धार दिसली नाही तर पंपाचा पडदा फाटला किंवा त्याची वाट बुजली, हे उघड होई. डिस्ट्रिब्युटरातले पॉइंट जळून खडबडीत झालेले असत. ते पॉलिश पेपरने घासून, त्यांतले अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी असलेले अंतर पुन्हा जुळवावे लागे.

आमच्या घरच्या गाडीचा कार्बोरेटर याच हिसक्यापायी दोनदा खोलून झाला होता. अखेर दादरच्या एका गल्लीतल्या वृद्ध मेस्त्रींकडे ती नेली, तेव्हा त्यांनी रेस देऊन पाहिली, इंजिनाचा आवाज एकसारखा चढत गेला, आणि त्यांनी कार्बोरेटरकडे पाहिलेसुद्धा नाही. ‘‘बसा आत. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, पहिला टाका आणि क्लच अगदी थोडा सोडा,’’ असे मला सांगून ते उघड्या बॉनेटपाशी वाकून उभे राहिले. मी क्लच सोडू लागलो तसे इंजिन एका अंगाने उचलले गेले आणि पुन्हा धपकन बसले. चाकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अर्धा जोर त्या डोलण्यात जात होता. ‘‘फाउंडेशन गेलंय,’’ ते म्हणाले. इंजिन ज्यांवर टेकलेले असते त्या रबरी बैठकींना मेस्त्री फाउंडेशन म्हणत.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 2003 साली झाली, आणि टॅक्सींना घातलेली वीस वर्षांची मुदत संपून 30 ऑक्टोबर 2023 पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. नव्या गाड्यांत पेट्रोलचे माप इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते, आणि गळ्यात डोकावून धार पाहण्याचा प्रसंगच उरलेला नाही.

दादरच्या मेस्त्रींनी त्या दिवशी काढलेला फाउंडेशनचा रबराचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला होता. तेल पिऊन तो फुगला होता, आणि दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्या बोटांनी किंचित ताणताच मधली चीर आरपार उघडत होती.