हद्दीच्या आतले रान

रानात अडकलेल्या माणसाचा चित्रपट सुरू होतो तो शहर मागे टाकून. विमान कोसळते, नाव फुटते, नाहीतर 'डिलिव्हरन्स'मधल्यासारखे (1972) चार शहरी मित्र, धरणात बुडणार असलेली नदी एकदा डोळे भरून पाहावी म्हणून, स्वतःहून होड्या पाण्यात घालतात. रेघेच्या अलीकडे सुधारणा, पलीकडे निसर्ग. ही रेघ किती हाताने आखलेली असते ते रॉबर्ट फ्लाहर्टीच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'ने (1922) दाखवून ठेवले आहे. नायकाचे खरे नाव अल्लाकारियाल्लाक. त्याच्या लोकांकडे तोवर बंदुका आल्या होत्या, पण कॅमेऱ्यासमोर शिकार जुन्या हत्यारांनी करवली, आणि आत उजेड हवा म्हणून बर्फाचे घर एका बाजूने उघडे ठेवले. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले पाळी गाव आणि त्याला लागून असलेली सत्तरी यांचा इतिहास पाहिला, तर ही रेघ तिथेही मुळात नव्हती असे दिसते. ती फार उशिरा आली, आणि आली ती नकाशावर.

गोव्याच्या या पट्ट्यात गावाची हद्द राखणारा देव म्हणजे राखणदार. रात्री तो सीमेवरून फिरतो अशी श्रद्धा, म्हणून त्याला कुठे वहाणा वाहतात, कुठे घोंगडी. तो रानाला बाहेर ठेवण्यासाठी फिरत नाही, कारण रान त्याच्या हद्दीतच येते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शेत, कुळागर, डोंगर आणि देवाची राय मिळून एक गाव. सत्तरीत बांबर येथे निरंकाराची राय आहे. तिथे बारमाही ओल्या चिखलात रानजायफळाच्या जातीची झाडे उभी आहेत. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती गुडघा दुमडावा तशी वर येतात आणि पुन्हा खाली जातात. अशी दलदल सह्याद्रीत आता मोजक्याच ठिकाणी उरली आहे. इथे ती टिकली ती कुऱ्हाड चालवायची नाही या देवाच्या नावाने चालत आलेल्या दंडकामुळे. रान परके नव्हते याची आणखी एक साक्ष राजकीय आहे. 1852 मध्ये सत्तरीतल्याच नाणूसच्या किल्ल्यापासून दीपाजी राणे यांचे बंड पेटले आणि पुढली तीनेक वर्षे ते पोर्तुगिजांना आवरले नाही. सरकारी फौजेला जे अरण्य होते, ते राण्यांच्या माणसांना परसू होते.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे देवाच्या धाकाने झाले, त्यात निसर्गप्रेम कुठले? आक्षेप खरा आहे. याच लोकांनी डोंगर जाळून कुमेरीची शेती केली, शिकारही केली. देवराया म्हणजे तुकडे, अख्खे जंगल नव्हे. पण माझा मुद्दा प्रेमाचा नाहीच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया अभ्यासल्या तेव्हा हेच पुढे आले की धाक असो वा भक्ती, नियम गावाचा होता आणि तो पाळला जात होता. जाळायचे कुठे आणि हात लावायचा नाही कुठे, हे एकाच गावाला ठाऊक होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याचे लोहखनिज जपानला जाऊ लागले आणि पोर्तुगीज सरकारने वाटलेल्या खाणपट्ट्यांनी डिचोलीचे डोंगर चौकोनांत कापले. भारताने 1987 च्या कायद्याने ते परवाने रद्द करून त्यांचे भाडेपट्टे केले, पण चौकोन तेच राहिले. पाळी-वेळगे-सुर्ला पट्टा खाणींचा झाला. खनिज ट्रकांतून धक्क्यावर, तिथून बार्जने मांडवीतून मुरगावला. लईराई देवीच्या शिरगावात खाणी भूजलाच्या खाली उतरल्या आणि विहिरी आटल्या. दुसऱ्या बाजूला 1999 मध्ये म्हादई अभयारण्य जाहीर झाले. इथे फक्त खनिज, तिथे फक्त वाघ: चित्रपटातली रेघ अशी सरकारी कागदावर उतरली. खाण आणि अभयारण्य एकमेकांचे वैरी समजले जातात, मला ती सख्खी भावंडे वाटतात. दोन्ही व्यवस्थांत गाव हा अडथळाच. वाघ्रो म्हणून वाघाची दगडी मूर्ती पुजणाऱ्या सत्तरीत, जानेवारी 2020 मध्ये, गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. ज्याची गाय वाघाने मारली त्याला वाघ आता देवाचा नव्हता, वनखात्याचा होता.

खाणींनी घरात पैसा आणला हे नाकारण्यात अर्थ नाही. 2012 मध्ये सरकारच्या आणि न्यायालयाच्या आदेशांनी, आणि पुन्हा 2018 मध्ये न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या, तेव्हा कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते मात्र चालूच राहिले. पण डोंगर विकून आलेला हा पैसा, मागे काय ठेवून गेला? खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर ऑस्ट्रेलियातली अकेशिया लावली आहे. लांबून ती टेकाडे हिरवीगार दिसतात, जंगलाचे चित्रीकरणही होऊ शकेल. जवळ गेले की पायाखाली वाळलेल्या पानांचा जाड थर लागतो, आणि एवढ्या सावलीत झुडुपे तुरळकच. पावसाळ्यात याच ढिगांची लाल माती वाहून खालच्या भातशेतात बसते.