तळटीप : नान-खलिया आणि जळजळ

* नान-खलिया ही छत्रपती संभाजीनगरची खास ओळख. जळजळीचा सगळा दोष लेखक खलियावरच्या लाल तर्रीला देतात. ते अर्धेच खरे आहे. मटणातली प्रथिने पचू लागली की त्यांचे तुकडे जठराच्या खालच्या भागातील जी-पेशींना चाळवतात आणि गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तात उतरते. रक्तातून फिरून ते पुन्हा जठरातच येते, मात्र वरच्या भागात. तिथे हिस्टामिन सुटते आणि आम्लपेशींतले एच-के-एटीपेज हे विकर, म्हणजेच ‘प्रोटॉन पंप’, कामाला लागते. एरवी ते पेशीच्या आतल्या पुटिकांत निवांत पडून असते. हुकूम मिळताच पृष्ठभागावर येते, पोटॅशियम आत ओढते आणि हायड्रोजन बाहेर टाकते. आम्ल फार वाढले की सोमॅटोस्टॅटिन गॅस्ट्रिनला लगाम घालते. एडकिन्स यांनी १९०५ मध्ये गॅस्ट्रिनची कल्पना मांडली, पण ती बराच काळ वादात राहिली. १९६४ मध्ये ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. आम्ल कमी करणारे पँटोप्राझोल हे औषध चालू पंपालाच अडवते. म्हणून त्याची गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायची असते, लेखकासारखी हात धुतल्यावर नव्हे. — संपा.