गोव्याचा चोरीस आणि त्याची उकड
चोरीस म्हणजे गोव्याच्या ख्रिस्ती घरांतला डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट सॉसेज. तो मुळात पोर्तुगीजांचा. १५१० मध्ये आफोंसो द अल्बुकर्कने गोवा जिंकला, १५४३ मध्ये बारदेस आणि सासष्टी हे लगतचे महालही पोर्तुगीजांकडे गेले, आणि पुढे धर्मांतरित घरांतून डुकराचे मांस रुळत गेले. पोर्तुगालमध्ये हे मांस वाइन आणि लसणीत मुरवून धुरावर वाळवतात. गोव्यात द्राक्षे नव्हती, माड मात्र दारोदारी होते. रेंदेर, म्हणजे माडी काढणारे, माडावरून सूर (माडी) उतरवत, ती आंबवून केलेले व्हिनेगर वाइनच्या जागी आले. लाल मिरची पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली. तिच्या जोडीला आले, लसूण, हळद, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी वाटली जाऊ लागली. दमट हवेत मांस टिकवायचे तर मीठ आणि आंबटपणा दोन्ही सढळ हवेत, म्हणून गोव्याचा चोरीस त्याच्या मूळ भावंडापेक्षा कितीतरी जहाल आहे.

तो करण्याचा हंगाम म्हणजे पावसाआधीचे कोरडे महिने. मांस आणि चरबीचे बारीक तुकडे करून मीठ लावायचे, वजनाखाली दाबून पाणी काढायचे, उन्हात सुकवायचे. मग व्हिनेगरमध्ये वाटलेला मसाला चोळून, कधी थोडी फेणी घालून ते मुरू द्यायचे. धुऊन वाळवलेल्या आतड्यात हे सारण ठासून भरतात आणि दोऱ्याने थोड्याथोड्या अंतरावर आवळतात, की जपमाळेसारखी माळ तयार होते. ही माळ उन्हात आणि मग चुलीवरच्या धुरात टांगली जाई. सुके मासे, सोलां (आमसुले), मीठ, मिरची यांच्याबरोबर ती पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीत जमा होई. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, ही बेगमीची खरेदी होत असल्याने त्याला पुरुमेंताचें फेस्त असेच नाव पडले. पावसात मासेमारी थांबली की चुलीवरची माळ कामी येई. मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासांत, राहणारे आणि बोटीवर नोकरी करणारे गोंयकार हीच माळ ट्रंकेतून बरोबर नेत.

ऊन आणि धूर मांस टिकवतात, शिजवत नाहीत. चोरीस वरून कितीही सुका दिसला तरी आतून कच्चाच असतो, आणि डुकराच्या कच्च्या मांसातून पट्टकृमीसारखे परजीवी पोटात जाऊ शकतात. म्हणून तो उकडणे टाळता येत नाही. दोरा आणि वरचे आवरण काढून सारण टोपात मोकळे करतात, ते जेमतेम बुडेल एवढे पाणी घालतात आणि झाकण ठेवून मंद आचेवर चढवतात. तेल घालायचे नाही. चरबी स्वतःच सुटते. खारटपणा जास्त वाटला तर बटाट्याच्या फोडी टाकाव्यात. पहिले पाणी ओतून देण्याचीही पद्धत आहे, पण त्याबरोबर मसाल्याचा मोठा भाग वाहून जातो, बटाटाच बरा.

शिजला की नाही हे रंगावरून कळत नाही, कारण मिरचीमुळे कच्चे मांसही लालच दिसते. खूण पाहायची ती चरबीत. कच्ची चरबी पांढरी आणि घट्ट असते. शिजत आली की तिचे तुकडे काचेसारखे अर्धपारदर्शक होतात. पाणी आटते, त्याचा खळखळाट जाऊन तळणाचा चुरचुर आवाज येतो आणि कडेला लाल तेल दिसू लागते. व्हिनेगरचा नाकात जाणारा दर्प ओसरतो. मांसाचा मोठ्यात मोठा तुकडा चमच्याने दाबून पाहावा. सहज तुटला तर झाले, रबरासारखा उसळला तर आणखी वाटीभर गरम पाणी घालावे. मंद आचेवर याला साधारण अर्धा तास लागतो, जुन्या कडक माळेला अधिक. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस ही भरवशाची खूण.

ताज्या मांसाच्या, न वाळवलेल्या सॉसेजची रीत वेगळी. ती आवरणासकट शिजवतात आणि पाणी नुसते हलते ठेवतात, कारण खळखळा उकळले तर आवरण फाटून रस पाण्यात जातो. डब्यातली फ्रँकफर्टर आधीच शिजवलेली असते, ती फक्त नीट गरम करायची. चोरीसचे आवरण आधीच काढलेले असते, म्हणून फाटण्याची भीती नाही. पाणी आटल्यावर त्यात उभा चिरलेला कांदा टाकून तो त्याच लाल तेलात मऊ होईपर्यंत परततात आणि पावात भरतात, किंवा त्याच तेलावर तांदूळ परतून पुलाव करतात.