न झालेल्या लढतीचा निकाल

गावसकर मोठा की तेंडुलकर, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर जसा रंगतो, तसाच एक वाद मुष्टियुद्धाच्या जगात पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. रॉकी मार्सियानो आणि महंमद अली ऐन भरात असताना समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं? अशा वादांचा निकाल लागत नाही, म्हणून तर ते रंगतात. पण या वादाचा निकाल एकदा लावला गेला आणि तो चक्क एका संगणकाने लावला.

आधी या दोघांची ओळख करून घेऊ. मार्सियानो हा मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावचा, इटालियन कुटुंबातला. १९५२ साली तो हेवीवेट जगज्जेता झाला आणि १९५६ साली निवृत्त झाला. ४९ लढती, ४९ विजय. त्यांतले ४३ नॉकआउट. उंची जेमतेम पाच फूट दहा इंच, पण अंगावर ठोसे झेलत पुढे सरकायचं आणि उजव्या हाताचा एकच घाव असा घालायचा की समोरचा आडवा झालाच पाहिजे. अली त्याच्याहून १८ वर्षांनी लहान, उंची सहा फूट तीन इंच, हातांची पोच जवळजवळ दहा इंचांनी जास्त. पायांत इतकी चपळाई, की त्याला ठोसा लागण्याआधी तो तिथून निघून गेलेला असे.

१९६७ साली अमेरिकेत मरी वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्याला एक कल्पना सुचली. सर्व काळातल्या सोळा हेवीवेट वीरांची काल्पनिक स्पर्धा घ्यायची. प्रत्येकाचा वेग, ताकद, दम, मार सोसण्याची क्षमता यांची माहिती जाणकारांकडून गोळा करून ती संगणकात भरायची आणि जो निकाल येईल, त्याचं धावतं वर्णन रेडिओवरून ऐकवायचं. लोक खऱ्या लढतीसारखे कान देऊन ऐकू लागले. अंतिम फेरीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवलं. अली मात्र आधीच जिम जेफ्रीजकडून हरून बाहेर पडला होता.

हे अलीला झोंबलं. जेफ्रीज हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा जगज्जेता. विजेतेपद हाती असताना त्याने जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय मल्लाशी लढायचं टाळलं होतं. पुढे १९१० साली तो निवृत्तीतून परत आला, तेव्हा त्याच जॉन्सनने त्याला पुरतं हरवलं. अलीने बदनामीबद्दल दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली. अलीने दहा हजार डॉलर घ्यायचे आणि मार्सियानोबरोबर एका चित्रपटात लढायचं, असं ठरलं.

आता जरा थांबून एक प्रश्न विचारायला हवा. पंचविशी ओलांडलेला, एकही लढत न हरलेला जगज्जेता चित्रपटातल्या लुटुपुटुच्या लढाईला का तयार झाला? कारण खरी लढाई त्याला बंद होती. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये अलीने सैन्यात भरती व्हायला नकार दिला. व्हिएतनामच्या युद्धात आपण जाणार नाही, आपला धर्म त्याला परवानगी देत नाही, अशी त्याची भूमिका होती. त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं, लढण्याचे परवाने गेले, पासपोर्ट गेला. पाच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. अपिलामुळे तो बाहेर राहिला, इतकंच. महाविद्यालयांत भाषणं देऊन तो पैसे मिळवत होता.

१९६९ च्या उन्हाळ्यात मायामीतल्या एका स्टुडिओत चित्रीकरण झालं. पंचेचाळीस वर्षांच्या मार्सियानोने सुमारे वीस किलो वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला. एकेका मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या झाल्या आणि शेवटही वेगवेगळे टिपले गेले. कोणता वापरायचा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मार्सियानोला ते कधीच कळलं नाही. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विमान अपघातात तो गेला.

२० जानेवारी १९७० रोजी चित्रपट एकाच वेळी शेकडो चित्रपटगृहांत दाखवला गेला. निकाल होता, तेराव्या फेरीत मार्सियानोच्या ठोशाने अली गारद. गंमत पाहा. १९५२ साली मार्सियानो जगज्जेता झाला, तेव्हाही गुणांत मागे असताना जर्सी जो वॉलकॉटला त्याने तेराव्याच फेरीत एका ठोशात झोपवलं होतं. म्हणजे यंत्राने जी फेरी सांगितली, ती जुन्या जाणत्यांच्या मनात आधीपासून घर करून बसलेली होती. यंत्राला स्वतःचं मत नसतं. ज्यांनी माहिती भरली, त्यांना शांत, निमूट, कधीही न हरलेला वीर जवळचा वाटत असेल आणि बडबड्या, बंडखोर अली खुपत असेल, तर तेही त्या आकड्यांबरोबर आत गेलं असणार.

मला विचाराल, तर उंची, पोच आणि वेग पाहता १९६७ चा अली मार्सियानोला भारी पडला असता. पण खरी हळहळ वेगळीच आहे. अली पुन्हा रिंगणात उतरला तो २६ ऑक्टोबर १९७० रोजी, अटलांटामध्ये. मधली साडेतीन वर्षं, पंचविशी ते अठ्ठाविशी, मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातला ऐन बहराचा काळ, वाया गेला होता. २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. खटल्याच्या कागदावर नाव मात्र शेवटपर्यंत ‘क्ले’ असंच राहिलं. न्याय मिळाला, वर्षं मिळाली नाहीत. परतलेल्या अलीचे पाय पूर्वीसारखे नाचत नव्हते. म्हणून तो ठोसे सोसायला शिकला. १९७४ मध्ये किन्शासात दोरांना टेकून मार खात खातच त्याने जॉर्ज फोरमनला थकवलं आणि आठव्या फेरीत पाडलं. जगाने टाळ्या वाजवल्या. पण १९८४ मध्ये त्याला कंपवात झाल्याचं निदान झालं आणि १९९६ मध्ये त्याच अटलांटात ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा हात थरथरत होता.

मार्सियानो की अली, हा वाद खुशाल चालू राहावा. पण पुढच्या वेळी तो निघेल, तेव्हा त्यात एक तिसरं नावही धरा : १९६७ ते १९७० या काळातला, कुणाशीच लढू न दिलेला अली. तो कसा लढला असता, हे कोणत्याही यंत्राला कुणी विचारलं नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)